नाताळच्या कार्डासाठी घेतलेली जीन्स

ऑगस्टचा दुसरा मंगळवार,
तळ्यावरचं घर

प्रिय अर्लीनताईस,

धाकट्या व्हर्नाचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द उगाच लिहिलेला नाही. जुलैतले तेरा दिवस मला वाकता येत नव्हतं, ती हकीकत पुढे येईलच.) तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तू चर्चच्या पायऱ्या काठीशिवाय चढलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझे टोमॅटो यंदा कसे आहेत? आमचे हरणांनी खाल्ले. ऑर्विलची तब्येत उत्तम आहे, म्हणजे त्याला ऐकू येत नाही आणि त्यामुळे तो सुखात आहे.

तू मागच्या पत्रात विचारलंस की गेल्या नाताळच्या कार्डावर मी का नव्हते, आजारीबिजारी होते का, आणि यंदा तरी असणार का. ताई, हे विचारणारी तू सातवी. ते कार्ड आमच्याही घरी आलं होतं, चांगलं तिकीट लावून, पोस्टाने. लिफाफा उघडला तर आत आमचाच डेरिक, आमचीच सूनबाई मकेना, तिच्या कुशीत आमचीच नात ओकली, मधोमध आमचाच ऑर्विल आणि मागे आमचंच तळं. खाली सोनेरी अक्षरांत छापलेलं: आमच्या कुटुंबाकडून तुमच्या कुटुंबाला. म्हणजे त्या घरातल्या नवऱ्यासकट सगळे 'आमचे' आणि मी एकटी 'तुमचं कुटुंब'. मी ते फ्रिजवर लावलं, न लावून सांगते कुणाला. ऑर्विल आठ महिने फ्रिजमधलं दूध घ्यायच्या निमित्ताने स्वतःकडे बघतो आहे. तुला खरं सांगते, मला फार लागलं. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की यंदा काहीही होवो, कार्डावर माझं तोंड दिसलंच पाहिजे.

आता मी का नव्हते याचं कारण. कारण एकच, माझी जांभळट रंगाची, कमरेला इलॅस्टिकची, पोटरीपर्यंतची पँट. (तुला आठवत असेल, आपण दोघींनी एकाच दिवशी घेतली होती. तुझी पिस्ता रंगाची.) आमची सूनबाई कपडे शिवत नाही, विकतही नाही; ती कपडे घालते. तो तिचा धंदा आहे. उन्हाळ्यात कशावर काय घालावं हे ती फोनपुढे उभी राहून दाखवते आणि चाळीस हजार बायका आपापली कामं टाकून बघतात. कपडे आपणही साठ वर्षं घालतोच आहोत, पण आपल्याला कधी कुणी त्याचे पैसे देऊ केले नाहीत. तर दर जुलैत तळ्याकाठी जो घरच्यांचा फोटो काढायचा, त्याचा एक तक्ता ती मे महिन्यातच पाठवते. वरती पांढरं किंवा ओटच्या दुधाच्या रंगाचं. खाली डेनिम. डेनिमच्या तीन छटा, फिकी, मधली आणि गडद, आणि शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांची छटा एक असता कामा नये. गेल्या वर्षी मी हा तक्ता बिलाबरोबर येणारी जाहिरात समजून टाकून दिला आणि जांभळी पँट घालून हजर झाले. ऑर्विलने तर तक्ता पाहिलासुद्धा नव्हता. तो बोटीच्या इंजिनाखालून उठून तसाच आला, तेलाचे डाग पडलेल्या, गुडघ्यावर फाटलेल्या, डेरिक शाळेत असतानाच्या जीन्समध्ये. त्याला बघून मकेनाने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अय्या, किती अस्सल!" अस्सल! ती जीन्स मी तीनदा चिंध्यांच्या पिशवीत टाकली होती, तीनदा त्याने ती परत काढली. तो माणूस मधोमध उभा राहिला आणि मी मकेनाची पर्स सांभाळत बाजूला उभी.

यंदा मात्र तक्ता आला तो मी छापून घेतला, चष्मा लावून वाचला, फळ्याला टाचणीने लावला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: गडद, ताठ, कोरी, न धुतलेली. मी डेरिकला फोन करून विचारलं की मलाच गडद का, तर तो चाचरत म्हणाला की गडद रंगात माणूस जरा आवरलेलं दिसतं. मी फोन ठेवला. (पोटच्या पोराने आईला पसरलेली म्हणायची ही सुधारलेली पद्धत.)

ताई, तू या उन्हाळ्यात दुकानात गेली नसशील तर जाऊ नकोस. मी तीन तास गाडी हाकत शहरात गेले आणि जे पाहिलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. एका जातीची जीन्स गुडघ्याशी फुगलेली आणि घोट्याशी आवळलेली, पिंपाला पाय फुटावेत तशी. आपल्या घोडे राखणाऱ्या कार्लकाकाचे पाय असे होते, पण ते जन्मजात होते, त्याने त्यासाठी पैसे मोजले नव्हते. दुसऱ्या जातीची जमीन झाडत जाणारी. ती घालून बाई चालली की मागे केर राहत नाही. तिसरी म्हणजे गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, जी घालून ऑर्विल गवत कापायला गेला तर मी शेजाऱ्यांकडे बघणं टाळायची. तीच आता विशीतल्या पोरी चामड्याच्या चपलांवर आणि गवती पिशव्यांबरोबर मिरवतात. डेनिमच्या पँटवर डेनिमचाच शर्ट, जो आपल्या लहानपणी फक्त पेट्रोल भरणारा घालायचा. आणि शर्ट खोचायचा तो पुढून चार बोटं, मागून मोकळा. आपली आई असती तर भर दुकानात तिने एकेकीच्या कमरेत हात घालून शर्ट नीट खोचून दिला असता.

मला मदत करायला आलेली पोरगी विशीची, नाकात कडी, स्वतः पिंपात. मी म्हटलं, गडद, ताठ, कोरी. तिने एक जीन्स आणून टेबलावर ठेवली. ती आपसूक उभी राहिली. मी आत जाऊन ती चढवायला पंचवीस मिनिटं घेतली, त्यातली दहा बाकावर आडवी पडून. बाहेर आले तेव्हा माझा श्वास वरच्या वरच चालला होता.

"मॅडम, एकदम मस्त!"

"अगं, बसता येत नाही."

"पहिल्या महिन्यात कुणी बसत नाही, मॅडम. ती अंगावर रुळू द्यायची. आणि सहा महिने पाणी लावायचं नाही हं."

मी विचारलं की सहा महिन्यांत वास आला तर. तर म्हणाली, फ्रीझरमध्ये ठेवा. मला वाटलं पोरगी म्हातारीची टर उडवते आहे, म्हणून मी दुसरीला विचारलं. दुसरीही तेच म्हणाली, आणि तिची तर असते म्हणे कायम, आइसक्रीमच्या शेजारी. किंमत तुला सांगत नाही, तुझ्या नव्या गुडघ्याला झेपायची नाही.

तर मग तेरा दिवस मी ती घरात रुळवली. म्हणजे तीच मला रुळवत होती. काटा खाली पडला की ऑर्विलला हाक मारायची, तो ऐकू आल्यावर येऊन उचलणार. जेवण उभ्याने. गाडीत मागच्या सीटवर तिरकी आडवी, आणि ऑर्विल चालवतोय. पाद्रीबाई भेटल्या तेव्हा मला वाटलं त्या माझ्या नव्या जीन्सकडे बघताहेत, पण त्यांनी ऑर्विलला बाजूला घेऊन विचारलं की व्हर्नाची पाठ कधीपासून धरली. दहाव्या दिवशी वासाची शंका आली म्हणून तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवली, पण तिथे जागा उरली होती ती फक्त ऑर्विलने धरलेल्या वॉलाय माशांच्या पाकिटांवर. सकाळी बाहेर काढली तेव्हा जीन्सला माझा वास नव्हता हे मात्र खरं.

फोटोच्या दिवशी सकाळी जीन्सचं बटण लागेना. (आदल्या दिवशी चर्चच्या जेवणात बटाट्याचं चीज घातलेलं कॅसरोल होतं, दोन प्रकारचं.) बटण आणि काज यांच्यात हाताच्या तीन बोटांचं अंतर, आणि घड्याळ पुढे चाललेलं. मी पलंगाच्या कडेला टेकून रडायचीच बाकी होते. तेव्हा ऑर्विलने आपल्या आयुष्यातला एकमेव फॅशनचा सल्ला दिला. म्हणाला, "आम्ही पोरं नवी जीन्स घालून सरळ गुरांच्या टाकीत बसायचो. भिजली की सैल होते, अंगावर वाळवली की अंगाची होते. तळं आहे की समोर." आता दुकानातल्या पोरीने पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं, पण ती विशीची आणि ऑर्विल बहात्तरचा. मी कशीबशी ती कमरेपर्यंत ओढली आणि धक्क्याच्या शिडीवरून तळ्यात उतरून कमरेइतक्या पाण्यात पाऊण तास बसले. समोरच्या काठावरून हालव्हर्सनबाईंनी हात केला. मीही केला. काय सांगणार? आणि ताई, बटण लागलं! मग मी ओली जीन्स घालून दुपारभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. तिचं वजन तेव्हा ऑर्विलच्या निम्मं तरी असेल.

मकेनाचा फोटो सोनेरी उन्हाचा, म्हणजे संध्याकाळी आठच्या सुमाराचा. तिने गवतावर मोठी पांढरी गोधडी अंथरली होती, पांढरी बादली, तिच्यात पांढरी फुलं. डेरिक फिका, मकेना मधली, ऑर्विल पुन्हा अस्सल. ओकली तेरा महिन्यांची, बिनबाह्यांच्या पांढऱ्याशुभ्र झबल्यात, लोण्याच्या गोळ्यासारखी गोड. मी गडद, ताठ आणि कोरी, पण अर्धवट वाळलेली, म्हणून गोधडीवर जरा टेकले. पोरीने मला पाहिलं मात्र, आईच्या हातातून निसटून तरातरा रांगत माझ्याकडे आली, मांडीवर चढली, माझ्या मांड्यांवर दोन्ही हात आपटून हसायला लागली. ताई, त्या दोन मिनिटांसाठी मी पुन्हा महिनाभर तळ्यात बसेन. मी तिला उचललं, गालाला गाल लावला, आणि मग डेरिकचा आवाज आला, "आई, तुझे हात!"

निळे. कोपरापर्यंत निळे. गोधडीवर माझ्या बैठकीचे दोन मोठे निळे गोल, नकाशावरच्या महासागरांसारखे. ओकलीचं झबलं पोटावर निळं, पाठीवर माझे दहा बोटांचे ठसे, गाल निळा, एक कान निळा. तिला तर काय, गंमत. सहा महिने पाणी का लावायचं नाही ते तेव्हा मला उमजलं. मकेना दुसऱ्याच क्षणी फोन उचलून आमचे फोटो काढायला लागली, पुरावा म्हणून असेल असं मला वाटलं. ऊन उतरत चाललं होतं. मग तिने ओकलीला पुसून घेतलं, सगळ्यांना उभं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हर्ना, तुम्ही येताय ना फोटोत?" मी म्हटलं, "अगं राहू दे गं, तुम्ही घ्या उरकून, मला कुठे या अवतारात!" आणि ती म्हणाली, "बरं!" आणि काढला फोटो. काढला, ताई! मी तिथेच उभी, हातात तिची पर्स.

पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी तिने जगाला दाखवायला जो फोटो टाकला तो सगळ्यांचा नव्हताच. त्यात निळं झबलं घातलेली ओकली हसते आहे आणि तिला धरणारे दोन निळे हात. मनगटाच्या वर मी नाही. खाली बायकांची झुंबड: झबलं कुठे मिळालं, हा हाताने रंगवण्याचा प्रकार कोणता, गोधडीवरची ती दोन वर्तुळं कुणाची कल्पना, यंदाच्या उन्हाळ्याचा हाच रंग का. एकीने तर लिहिलं की दहा बोटांच्या ठशांत तिला शांती दिसली. तेरा दिवस मी जे ताठ उभं राहून सोसलं त्याची शांती तिला दिसली, मला नाही. आणि डेरिक म्हणाला की मकेनाला हा फोटो इतका आवडलाय की यंदा कार्डावर हाच जाणार. म्हणजे येत्या डिसेंबरात तुला पोस्टाने माझे दोन हात येतील. गेल्या वर्षीपेक्षा प्रगती आहे म्हणायची.

असो. किती लिहिलं तरी मन भरत नाही. तुझ्या गुडघ्याला जप, टोमॅटोला जाळी लाव, भावजींना आठवण सांग.

तुझी,
निळी पडलेली धाकटी,
व्हर्ना

ता. क. खरं कामाचं राहिलंच. तुझ्या गोधड्यांच्या मंडळात अकरा बायका आहेत ना? त्यांच्या नातवंडांकडून त्यांना मकेनाच्या त्या फोटोपर्यंत पोचव आणि खाली एकेकीला लिहायला सांग की हात सुंदर आहेत, चेहरा का नाही, आम्हाला चेहरा बघायचा आहे. घरातल्या माणसाचं ती ऐकेल न ऐकेल, पण अनोळखी बाईने सांगितलं की लगेच ऐकते. कार्डं सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीला छापायला जाणार, तेव्हा उशीर करू नकोस. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

ता. क. २. (बुधवार.) पत्र दारच्या टपालाच्या डब्यात टाकून पोस्टमनसाठी त्याचा लाल झेंडा वर केला होता, तो खाली करून पत्र परत आणलं. बायकांना काही सांगू नकोस. मला धीर धरवला नाही. मी स्वतःच एक खातं उघडलं, 'तुल्साची पॉला' या नावाने (शहर मुद्दाम दूरचं निवडलं), आणि लिहिलं की हे हात कुणाचे, चेहरा का नाही. दोन मिनिटांत मकेनाचं उत्तर. (मला ती उलट फोन करायला चार दिवस घेते.) लिहिते: माझ्या सासूबाईंचे. चेहरा हातांपेक्षा गोड आहे, पण त्यांना फोटोत यायला आवडत नाही. गेल्या वर्षी विचारलं, नको म्हणाल्या. यंदाही विचारलं, नको म्हणाल्या. जबरदस्ती कशी करणार? निदान हात तरी मिळाले. आणि मग, ताई, पॉलाला तिने आणखी एक ओळ लिहिली: मला वाटतं मी त्यांना आवडत नाही.

मी ते तीनदा वाचलं. नको म्हटलं होतं मी, गेल्या वर्षीही म्हटलं होतं, हे मी तुला वर सांगितलं नाही. पण दर वेळी एकदाच म्हटलं होतं गं! आपल्या मिनेसोटात कॉफीलासुद्धा माणूस तीनदा नको म्हणतो आणि मग कप पुढे करतो. पहिल्या 'नको'ला कुणी खरं मानतं का? पण ती पडली फिनिक्सची. तिकडे नको म्हणजे नको असतं आणि हो म्हणजे हो, हे लग्नाच्या चार वर्षांत मला कुणी सांगितलं नाही आणि तिलाही नाही. मी पोरीला जीन्सवरून इतकी नावं ठेवली, आणि तिने मला दोन्ही वेळा विचारलं होतं. पॉलाने तिला लिहिलं: सासू मिनेसोटाची आहे का? मग तिला तीनदा विचार. तुल्साच्या बाईला हे कसं ठाऊक, हे सुदैवाने तिने विचारलं नाही.

ता. क. ३. (शुक्रवार, दुपार.) काल मकेनाचा फोन आला. व्हर्ना, कार्डासाठी पुढच्या रविवारी एक नवा फोटो काढू या का, तुम्ही मधोमध? मी म्हटलं, छे गं, मला कशाला! आज सकाळी नाश्त्याच्या वेळी पुन्हा आला. मी म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास. (पोरीचा आवाज जरा हिरमुसला, पण दोन म्हणजे दोन.) आता तिसरा यायचा आहे. मी जीन्स घालून फोनशेजारी बसले आहे, हो, बसता येतं आता. म्हणून तुझ्याकडे मागणं एवढंच: हे पत्र मिळालं की मला फोन करू नकोस. काय लिहायचं ते पोस्टाने लिही आणि लाइन मोकळी राहू दे. घंटा वाजली आणि पलीकडून तू निघालीस, तर मी तुझ्याशी धड बोलू शकणार नाही.